टिकणारी वाटणी: बहिर्वक्र खेळांच्या गाभ्याचा आढावा

१९३३ साली अमेरिकेत टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन झाली आणि टेनेसी नदीच्या खोऱ्यात धरणांची मालिका उभी राहू लागली. धरणे तीच, पण त्यांच्याकडून अपेक्षित कामे तीन होती: नदीतून जहाजे चालावीत, पूर आटोक्यात यावा आणि वीज मिळावी. खर्च मात्र एकत्र होणार होता. त्यातला किती भाग कोणत्या कामाच्या खात्यावर टाकायचा? प्रश्न वरवर हिशेबनिसाचा दिसतो, पण त्याच्या उत्तरावर विजेचा दर अवलंबून होता आणि खासगी वीज कंपन्या त्या दराकडे डोळे लावून बसल्या होत्या. त्यामुळे वाटणी अशी हवी होती की कोणालाही बोट ठेवायला जागा उरू नये.

अभियंत्यांनी सात अंदाज काढले. पुढचे आकडे कोटी डॉलरांत आहेत. फक्त जलवाहतुकीसाठी बांधायचे तर १६.३५, फक्त पूरनियंत्रणासाठी १४.०८, फक्त विजेसाठी २५.०१. जलवाहतूक आणि पूरनियंत्रण मिळून ३०.१६, जलवाहतूक आणि वीज ३७.८८, पूरनियंत्रण आणि वीज ३६.७४. तिन्ही एकत्र केली तर ४१.२६. तिन्ही कामे स्वतंत्रपणे केली असती तर ५५.४४ लागले असते, म्हणजे एकत्र येण्याने १४.१८ कोटी वाचत होते. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ रॅन्समायर यांनी १९४२ च्या आपल्या पुस्तकात या वाटणीची चिकित्सा केली. तिच्यामागचे तत्त्व असे: कोणत्याही एका कामावर ते स्वतंत्रपणे केले असते तर लागला असता त्याहून जास्त बोजा पडू नये, आणि कोणत्याही दोन कामांच्या जोडीवरही पडू नये.

गणिती गेम थिअरीत ज्याला आज ‘गाभा’ म्हणतात तो नेमका हाच. मात्र गणितात ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली जायला अजून अकरा वर्षे होती.

कल्पनेचे बीज आणखी जुने आहे. फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८१ साली देवाणघेवाणीचा विचार करताना असा प्रश्न घेतला होता की कोणत्या करारांतून काही लोक बाहेर पडून आपसात अधिक चांगला करार करू शकत नाहीत. १९४४ साली जॉन फॉन नॉयमान आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांचा जाडजूड ग्रंथ आला आणि सहकारी खेळाला नेमका साचा मिळाला: खेळाडूंचा एक संच घ्या, आणि त्यांच्यातल्या प्रत्येक संभाव्य गटापुढे एक आकडा लिहा. तो गट स्वतःच्या बळावर किती कमावू शकतो, ते हा आकडा सांगतो. बाकी कोण कसे वागतो, काय बोलतो, कोणाची कोणाशी मैत्री आहे, हे सगळे बाजूला. डॉनल्ड गिलीस यांनी १९५३ च्या प्रिन्स्टनमधल्या प्रबंधात या साच्यातून गाभा वेगळा काढला. ज्या वाटणीत सगळी मिळकत वाटली जाते, आणि ‘आम्ही वेगळे झालो तर आम्हाला मिळून जास्त मिळेल’ असे कोणताही गट म्हणू शकत नाही, अशा सगळ्या वाटण्यांचा संच म्हणजे गाभा.

अडचण अशी की हा संच रिकामा असू शकतो. तिघांत १०० रुपये वाटायचे आहेत आणि कोणतेही दोघे बहुमताने सगळे १०० घेऊ शकतात, असा साधा खेळ घ्या. प्रत्येक जोडीला किमान १०० हवेत. तिन्ही जोड्यांच्या मागण्या एकत्र केल्या तर ३०० होतात, आणि त्यात प्रत्येक माणूस दोनदा मोजला गेला आहे. म्हणजे तिघांना मिळून किमान १५० लागतील. हाती १०० आहेत. कोणतीही वाटणी करा, कोणती तरी जोडी ती मोडेल. गाभा केव्हा रिकामा नसतो, याचे पूर्ण उत्तर याच हिशेबाचा विस्तार करून मिळते. ते ओल्गा बोंडारेवा यांनी १९६३ मध्ये रशियन भाषेत दिले आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६७ मध्ये स्वतंत्रपणे. प्रमेय सुंदर आहे, पण वापरायला जड आहे. ‘गाभा आहे’ एवढे ते सांगते. आत काय आहे, कसे आहे, त्यातली कोणती वाटणी उचलावी, यावर ते काही बोलत नाही.

बहिर्वक्र खेळांचे महत्त्व इथून सुरू होते. शॅप्ली यांनी १९६५ मध्ये रँड कॉर्पोरेशनमध्ये असताना या विषयावर एक टिपण लिहिले. १९७१ साली मॉर्गेनस्टर्न यांच्या पुढाकाराने गेम थिअरीचे आंतरराष्ट्रीय नियतकालिक निघाले, तेव्हा त्याच्या पहिल्याच खंडात हे काम ‘बहिर्वक्र खेळांचे गाभे’ अशा अर्थाच्या शीर्षकाने छापले गेले. माझ्या मते या शाखेतल्या सर्वांत फलदायी लेखांपैकी तो एक आहे, आणि त्यातली अट एका वाक्यात सांगता येते: एखादा खेळाडू जेवढ्या मोठ्या गटात सामील होतो तेवढी त्याची भर मोठी असते, किंवा निदान कमी तरी होत नाही. छोट्या गटात शिरून तो १० ची भर घालत असेल, तर त्या गटात आणखी माणसे आल्यानंतर शिरला तरी त्याची भर १० किंवा त्याहून अधिकच असेल.

खर्चाच्या खेळात हेच उलट्या दिशेने वाचायचे: मोठ्या गटात सामील होणाऱ्यामुळे वाढणारा खर्च कमी कमी होत गेला पाहिजे. टेनेसीचे आकडे तपासून पाहा. जलवाहतूक एकटी आली तर खर्च १६.३५. पूरनियंत्रण आधीच ठरलेले असताना ती आली तर वाढणारा खर्च १६.०८. वीज आधी असताना १२.८७. दोन्ही आधी असताना फक्त ४.५२. उरलेल्या दोन कामांसाठीही असाच उतार मिळतो. म्हणजे टेनेसीचा खर्च-खेळ या अटीत पूर्णपणे बसतो, आणि त्याचा गाभा रिकामा नाही एवढेच नव्हे तर ऐसपैस आहे. जलवाहतुकीवर ४.५२ पासून १६.३५ कोटींपर्यंत कितीही टाकले तरी बाकीची वाटणी सांभाळून सगळ्यांना एकत्र ठेवता येते.

बहिर्वक्र खेळाचा गाभा रिकामा का असू शकत नाही, याचा पुरावा इतका स्वच्छ आहे की तो इथे दिल्याशिवाय पुढे जाणे बरोबर होणार नाही. खेळाडूंना कोणत्याही एका क्रमाने एकेक करून आत येऊ द्या. प्रत्येक जण येताना, आधी आत असलेल्या गटाच्या किमतीत जेवढी भर घालतो तेवढे त्याला द्या. सगळे आत आल्यावर पूर्ण किंमत वाटली गेलेली असते, एक पैसा उरत नाही. आता फुटून निघायची धमकी देणारा कोणताही गट घ्या. समजा दहा जणांपैकी दुसरा, पाचवा आणि नववा मिळून वेगळे व्हायचे म्हणतात. वेगळ्या गटात पाचव्याने फक्त दुसऱ्यावर भर घातली असती. प्रत्यक्षात तो आला तेव्हा आत चौघे होते आणि दुसरा त्यांच्यात होताच. गट मोठा असेल तर भर कमी होत नाही, हेच तर आपण मानले आहे. म्हणून पाचव्याला मिळालेली रक्कम त्याच्या वेगळ्या गटातल्या भरीपेक्षा कमी नाही. दुसऱ्याला आणि नवव्याला हाच युक्तिवाद लागू होतो. तिघांच्या रकमांची बेरीज त्यांच्या वेगळ्या गटाच्या किमतीहून कमी भरूच शकत नाही. धमकी पोकळ ठरते. क्रम कोणताही घेतला तरी हे चालते.

शॅप्ली यांनी पुढे दाखवले की अशा क्रमांतून मिळणाऱ्या वाटण्या गाभ्यात नुसत्या असतात असे नाही, त्या गाभ्याचे कोपरे असतात, आणि याखेरीज दुसरा कोपरा नसतो. तीन खेळाडूंचे सहा क्रम, म्हणून गाभा जास्तीत जास्त षटकोन, चौघांचे चोवीस. गाभ्यातली प्रत्येक वाटणी या कोपऱ्यांच्या मिश्रणातून तयार होते. आता ‘शॅप्ली मूल्य’ म्हणून प्रसिद्ध असलेली वाटणी आठवा. १९५३ साली त्यांनी ती काही साध्या न्याय्य अटींवरून काढली होती, आणि सगळ्या क्रमांतल्या भरींची सरासरी हेच तिचे सूत्र आहे. कोपऱ्यांची सरासरी आकृतीच्या आतच पडणार. म्हणून बहिर्वक्र खेळात शॅप्ली मूल्य गाभ्यात असते, बरोबर मध्यभागी. टेनेसीच्या खेळात ते जलवाहतुकीला ११.७८, पूरनियंत्रणाला १०.०८ आणि विजेला १९.४० कोटी असे येते.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तरी पुरे होते. पण या एका अटीमुळे सहकारी खेळांतली जवळपास सगळी जुनी भांडणे मिटतात. फॉन नॉयमान आणि मॉर्गेनस्टर्न यांनी ‘स्थिर संच’ नावाची वेगळी उकल सुचवली होती. ती नेहमी अस्तित्वात असते का, हा प्रश्न वीसेक वर्षे लोंबकळत राहिला. अखेर १९६८ मध्ये विल्यम लुकास यांनी दहा खेळाडूंचा असा खेळ दाखवला की ज्यात स्थिर संच मुळी नाहीच. इतर खेळांत असे संच अनेक असू शकतात, आणि कोणता निवडावा ते कळत नाही. बहिर्वक्र खेळात मात्र स्थिर संच नेमका एक असतो, आणि तो म्हणजे गाभाच. १९७२ मध्ये मायकेल माश्लर, बेझालेल पेलेग आणि शॅप्ली यांनी दाखवले की हरकत आणि प्रतिहरकत यांवर उभा असलेला ‘वाटाघाटीचा संच’ही इथे गाभ्याशी एकरूप होतो. १९८१ मध्ये तात्सुरो इचिइशी यांनी उलट बाजू पूर्ण केली: सगळ्या क्रमांच्या वाटण्या गाभ्यात असतील, तर तो खेळ बहिर्वक्रच असतो. तेव्हा अट आणि फळ यांच्यात फट राहिली नाही. पुढे १९९० मध्ये इव्ह स्प्रुमाँ यांनी वाढत्या गटाचा प्रश्न हाती घेतला. नवा सभासद आला की जुन्या कोणाचाच वाटा घटू नये, अशी वाटणी प्रत्येक टप्प्यावर करता येईल का? बहिर्वक्र खेळात येते, आणि शॅप्ली मूल्य हे काम आपोआप करते. नवीन माणसाला घ्यायला जुने लोक का कां-कू करतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या निष्कर्षाचे वजन कळेल.

आता गाभ्याच्या आतला प्रश्न. त्यासाठी मला ज्यू परंपरेतल्या तालमूदमधल्या एका निवाड्याइतके चांगले उदाहरण माहीत नाही. एक माणूस तीन बायका मागे ठेवून मरतो. विवाहकरारानुसार त्यांचे हक्क १००, २०० आणि ३०० झुझ आहेत, पण मालमत्ता अपुरी आहे. मालमत्ता १०० असेल तर तिघींना समान; ३०० असेल तर ५०, १००, १५०; आणि २०० असेल तर ५०, ७५, ७५. हे शेवटचे उत्तर अभ्यासकांना शतकानुशतके कोड्यात टाकत आले होते. ते ना समान आहे, ना प्रमाणशीर.

बॅरी ओनील यांनी १९८२ मध्ये दिवाळखोरीचा असा खेळ मांडला: एखाद्या गटाची किंमत म्हणजे बाकीच्यांचे हक्क पूर्ण फेडून जे उरेल ते, आणि काही उरत नसेल तर शून्य. हा खेळ नेहमी बहिर्वक्र असतो. मालमत्ता २०० असताना दुसरी आणि तिसरी यांच्या जोडीची किंमत १००, तिघींची २००, बाकी प्रत्येक गटाची शून्य. म्हणजे गाभ्यात राहण्यासाठी एवढेच पाहायचे की कोणाला ऋण रक्कम मिळू नये आणि पहिलीला १०० पेक्षा जास्त जाऊ नये. १९८५ मध्ये रॉबर्ट आउमान आणि माश्लर यांनी दाखवले की तालमूदची तिन्ही उत्तरे म्हणजे या खेळाचे ‘न्यूक्लिओलस’ आहे. डेव्हिड श्माइडलर यांनी १९६९ मध्ये दिलेल्या या कल्पनेत सर्वांत नाराज गटाची नाराजी शक्य तितकी कमी करायची, मग त्याच्या खालच्याची, आणि असे करत जायचे. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या निवाड्यामागे इतकी सुसंगत रचना निघावी, याचे मला आजही नवल वाटते.

पण मला इथे वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. मालमत्ता २०० असतानाच्या याच गाभ्यात न्यूक्लिओलस ५०, ७५, ७५ असे सांगते. शॅप्ली मूल्य ३३⅓, ८३⅓, ८३⅓ सांगते. हक्कांच्या प्रमाणात वाटले तर ३३⅓, ६६⅔, १००. आणि सरळ समान वाटले तर प्रत्येकीला ६६⅔. ही चारही उत्तरे गाभ्यात आहेत. कोणत्याही उत्तरावर कोणताही गट फुटून निघण्याची धमकी देऊ शकत नाही. न्यायाच्या चार वेगवेगळ्या कल्पना एकाच छपराखाली सुखाने नांदतात, आणि त्यांतली कोणती निवडायची ते गाभा सांगत नाही.

माझ्या वाचनात या सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. सामान्य खेळात स्थैर्य आणि न्याय यांची ओढाताण असते. एक डावा आणि दोन उजवे हातमोजे तिघांकडे आहेत, जोडीची किंमत ६० रुपये. गाभ्यात एकच वाटणी आहे: डाव्या मोज्याच्या मालकाला ६०, उजव्या दोघांना शून्य. शॅप्ली मूल्य ४०, १०, १० म्हणते, पण मग डावा आणि एक उजवा यांना मिळून ५० मिळतात, आणि ते बाहेर पडून ६० करू शकतात. न्याय्य वाटणी टिकत नाही, टिकणारी वाटणी दोघांना रिकाम्या हाताने पाठवते. बहिर्वक्र खेळात ही सक्ती नाही. तिथे ‘गट टिकवायचा म्हणून अन्याय सहन करा’ असे कोणी म्हणत असेल तर गणित त्याच्या बाजूने उभे राहत नाही. समतेची निवड करायलाही तिथे मोकळीक असते. भास्कर दत्ता आणि देबराज रे यांनी १९८९ मध्ये दाखवले की गाभ्याच्या मर्यादेत राहून शक्य तितकी समान अशी एक वाटणी बहिर्वक्र खेळात नक्की असते, आणि विषमता मोजण्याच्या लोरेन्झ कसोटीवर ती गाभ्यातल्या इतर प्रत्येक वाटणीपेक्षा सरस ठरते. सर्वसाधारण खेळात दोन वाटण्यांपैकी कोणती अधिक समान, याचा निवाडा या कसोटीला बहुधा करताच येत नाही. इथे ती निर्विवाद विजेती दाखवते.

याची दुसरी बाजूही स्पष्टपणे सांगायला हवी. गाभा हा सभ्यतेचा दाखला नव्हे. तालमूदच्या त्या खेळात पहिलीला शून्य, दुसरीला शून्य आणि तिसरीला २०० ही वाटणीसुद्धा गाभ्यात आहे, त्याचा एक कोपराच आहे. ज्याला बाहेर जाऊन काही मिळत नाही, त्याला आतही काही न देता गट टिकतो. देबराज रे यांचेच नाव महाराष्ट्राच्या सहकाराशी जोडलेले आहे, ते इथे आठवते. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि रे यांनी २००१ मध्ये इथल्या सहकारी साखर कारखान्यांवर लिहिलेल्या लेखात असे प्रतिमान मांडले की मोठे बागायतदार उसाचा भाव खाली ठेवून कारखान्याने राखलेल्या निधीतून लाभ उचलतात; आकडेवारीने त्याला दुजोराही दिला. तो लेख बहिर्वक्र खेळांवर नाही. पण तोडलेला ऊस काही तासांत गाळावा लागतो, आणि लहान शेतकऱ्याला दुसरीकडे जायला वाट नसते; म्हणून तो फुटत नाही. न फुटणे आणि समाधानी असणे यांत किती अंतर असू शकते, हे आपल्याला परदेशी उदाहरणांवरून शिकायची गरज नाही.

बहिर्वक्र खेळ प्रत्यक्षात कुठे भेटतात? विमानतळाची धावपट्टी हे नेहमीचे उदाहरण आहे. धावपट्टीचा खर्च सर्वांत मोठ्या विमानावरून ठरतो, लहान विमाने तिच्या एका भागावरच भागवतात. स्टीफन लिटलचाइल्ड आणि गिलेर्मो ओवेन यांनी १९७३ मध्ये दाखवले की इथे शॅप्ली मूल्य काढायला क्रमांची लांबलचक सरासरी लागत नाही: धावपट्टीच्या प्रत्येक तुकड्याचा खर्च तो तुकडा वापरणाऱ्यांत समान वाटायचा. तीन विमानांना अनुक्रमे ६, ९ आणि १२ लाखांची धावपट्टी पुरत असेल तर वाटे २, ३.५ आणि ६.५ लाख येतात. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विमानतळाच्या १९६८-६९ च्या आकड्यांवर ही पद्धत लावून पाहिली गेली. एका यंत्रापुढे रांगेत थांबलेली कामे शेजारच्यांनी आपसात अदलाबदल करून प्रतीक्षेचा खर्च कमी करण्याचा खेळही बहिर्वक्र निघतो. इमा क्युरिएल, जॉर्जो पेडरझोली आणि स्टेफ टाइस यांनी तो १९८९ मध्ये अभ्यासला. संदेशवहनातही हीच आकृती उभी राहते. एकमेकांशी संबंधित माहिती वेगवेगळ्या ठिकाणांहून पाठवताना प्रत्येकाने किमान किती बिट पाठवावेत, याचे १९७३ चे स्लेपियन-वुल्फ प्रमेय ज्या दरांना परवानगी देते, त्यांतले सर्वांत काटकसरीचे दर म्हणजे एका बहिर्वक्र खेळाचा गाभाच.

मात्र यादी वाढवण्याच्या उत्साहात हात आखडता घ्यावा लागतो. एका केंद्रापासून अनेक गावांना सर्वांत स्वस्त जाळ्याने जोडण्याच्या खेळाचा गाभा रिकामा नसतो, हे चार्ल्स बर्ड यांच्या १९७६ च्या वाटणीवरून कळते. पण तो खेळ आपल्या अटीत बसेलच असे नाही. खरेदीदार आणि विक्रेते यांच्या जोड्या लावण्याचा शॅप्ली आणि मार्टिन शुबिक यांचा खेळही तसाच. तो लेख शॅप्लींच्या बहिर्वक्र खेळांवरच्या लेखाबरोबर, त्याच नियतकालिकाच्या त्याच पहिल्या खंडात आला. त्याचा गाभा नेहमी असतो, पण शॅप्ली मूल्य त्यात सापडेल याची हमी नाही. बाजारात एकाची जागा दुसरा घेऊ शकतो. जिथे माणसे एकमेकांना पर्याय असतात तिथे उशिरा येणाऱ्याची भर घटते, आणि बहिर्वक्रता मोडते. जिथे माणसे एकमेकांना पूरक असतात तिथे ती टिकते. म्हणून बहिर्वक्रता ही गणिताच्या सोयीसाठी केलेली कल्पना नसून जगाबद्दल केलेले ठोस विधान आहे, आणि ते खोटे ठरू शकते.

या विषयाचा आणखी एक पैलू गेम थिअरीच्या पुस्तकांत बहुधा पुरेसा येत नाही. ही अट एकाच वेळी अनेक घरांत जन्मली आहे. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह शोके यांनी १९५०च्या दशकात विद्युत-स्थितिकीतल्या धारितेचा अभ्यास करताना तिचे रूप मांडले. कॅनडात जॅक एडमंड्स यांनी १९७० मध्ये छापलेल्या कामात नेमकी गाभ्याचीच आकृती, आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी, वेगळ्या नावाने अभ्यासली आणि दाखवले की तिच्यावर सर्वोत्तम बिंदू शोधायला साधी लोभी पद्धत पुरते: सर्वांत फायद्याच्या घटकाला आधी जमेल तेवढे द्या, मग पुढच्याला. शॅप्लींचा ‘क्रमाने आत या’ हा पुरावा आणि एडमंड्स यांची लोभी पद्धत ही एकच गोष्ट आहे. १९८३ मध्ये लास्लो लोवास यांनी गटांना आकडे देणाऱ्या या फलनांचे बहिर्वक्र फलनांशी असलेले नाते उलगडून दाखवले. जपानमध्ये सातोरु फुजिशिगे यांनी १९८० मध्ये अशा आकृतीतला सर्वांत समतोल बिंदू शोधला; नऊ वर्षांनी अर्थशास्त्राच्या वाटेने आलेली दत्ता-रे यांची समतावादी वाटणी बहिर्वक्र खेळांत त्याच बिंदूवर पोहोचते. आणि आपल्या पवईला, आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात, एच. नारायणन यांनी याच फलनांचा विद्युत मंडलांच्या विश्लेषणासाठी वापर केला. १९९७ साली आलेला त्यांचा ग्रंथ त्या दृष्टीने पायाभूत मानला जातो. मंडलाचे तुकडे कसे पाडावेत आणि वाटणीत कोणाला किती द्यावे, हे प्रश्न इतके जवळचे असतील असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही.

या शेजाराचा गेम थिअरीला रोकडा फायदा झाला. ३० खेळाडूंचे १०७ कोटींहून अधिक गट होतात. एखादी वाटणी गाभ्यात आहे का, हे प्रत्येक गट तपासून पाहायचे म्हटले तर हिशेब हाताबाहेर जातो, आणि सर्वसाधारण खेळांत या कामाला सोपा रस्ता माहीत नाही. बहिर्वक्र खेळात मात्र सर्वांत नाराज गट शोधणे म्हणजे एडमंड्स यांच्या जातीच्या फलनाचे किमान मूल्य काढणे. ते जलद करता येते, हे मार्टिन ग्रोट्शेल, लोवास आणि अलेक्झांडर श्रायव्हर यांनी १९८१ मध्ये सिद्ध केले. पुढे २००० च्या सुमारास श्रायव्हर यांनी, आणि स्वतंत्रपणे इवाता, फ्लायशर व फुजिशिगे यांनी, त्यासाठी निव्वळ संयोगात्मक पद्धती दिल्या. एक अडचण मात्र शिल्लक राहते. नुसते आकडे हातात असतील तर खेळ बहिर्वक्र आहे की नाही, हे तपासायलाच गटांच्या संख्येइतके प्रचंड काम पडते. म्हणून व्यवहारात बहिर्वक्रता आकड्यांतून शोधली जात नाही. ती प्रश्नाच्या घडणीतून सिद्ध करावी लागते, जशी धावपट्टीच्या बाबतीत होते.

शॅप्ली यांना २०१२ मध्ये ॲल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. २०१६ मध्ये ते गेले. आज त्यांचे मूल्य यंत्रशिक्षणातल्या निकालांचे श्रेय वाटण्यापासून खर्चवाटपापर्यंत सर्रास वापरले जाते. सूत्र सोपे आहे, खेळाडू थोडे असतील तर संगणक ते चटकन काढून देतो, आणि ‘न्याय्य वाटणी’ असा शिक्का बसतो. पण अमुक वाटणी टिकेल हे त्या सूत्रात कुठेही लिहिलेले नाही; ती हमी बहिर्वक्रतेतून येते. अट तपासलीच नसेल तर शिक्का कोरडाच राहतो.

म्हणून एक विनंती. संयुक्त पाणीपुरवठा योजना असो, सामाईक वीजवाहिनी असो, की अनेक संस्थांनी मिळून बांधलेली एखादी इमारत. खर्चवाटपाचा अहवाल तुमच्यापुढे आला, तर वाट्यांची टक्केवारी वाचण्याआधी प्रत्येक भागीदाराचा आणि भागीदारांच्या प्रत्येक जोडीचा स्वतंत्र खर्च मागा. तिघे भागीदार असतील तर टेनेसीसारखे फक्त सात आकडे लागतात. उशिरा येणाऱ्यामुळे वाढणारा खर्च कमी होत जातो का, ते त्यांवरून कोणीही कागद-पेन्सिल घेऊन तपासू शकतो. कमी होत असेल तर ‘दुसरा इलाज नव्हता’ हे उत्तर स्वीकारू नका. अधिक समान वाटणीही टिकली असती का, ते त्याच सात आकड्यांवर तपासून दाखवायला सांगा.